मेलंय कोण ते न विचारता

हातातला चहा आधी खाली ठेवा, मग ऐका. हसताना सांडला तर मला बोल लावायचा नाही. शाळेची पायरी मी कधी चढले नाही, नात लिहून घेतेय. पण त्या दिवसाचं सगळं जसंच्या तसं आठवतंय. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं!

माझा थोरला, नवनाथ. उसाच्या फडात त्याच्या कोयत्याला जोड नव्हती. पण दारूनं पार खाल्ला. ऊसतोडीला निघायची वेळ आली, तर सून पोरांना घेऊन माहेरी गेली. जाताना म्हणाली, "आत्याबाई, ह्यांची सुटली तर निरोप धाडा. न्हाई सुटली तर मला इसरा."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, पाथर्डीत दारू सोडलेल्यांची मिटिंग असते. मंगळवारी चार वाजता, स्टँडच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून निळं दार. नवनाथच्या किती नाकदुऱ्या काढल्या! शेवटी जीपमध्ये बसला, पण म्हणाला, "तुला सोडतो. उंबरा काय मी वलांडायचा न्हाई. मी दारुडा हाय व्हय?" अख्ख्या जीपनं नाकाला रुमाल लावला होता!

निळं दार सापडलं. नवनाथ समोरच्या लिंबाखाली पाठ फिरवून उभा राहिला. मी दार लोटून आत डोकावले.

दाराबाहेर चपलांचा ढीग. आत सतरंजीवर दहा-बारा माणसं, माना खाली, डोळे मिटलेले. कुणी ब्र काढत नाही. एकजण उपरण्यानं डोळे पुसतोय. भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो, त्याला हार!

आता तुम्हीच सांगा. मिटिंग म्हणजे मला ठाऊक आमची ग्रामसभा. एक बोलतो, सात जण त्याला अडवतात. ही कसली मिटिंग? म्हटलं, चुकलीस म्हातारे, हे तर दुःखाचं घर.

मग मागं का फिरली नाहीस, म्हणाल. अहो, दुखवट्याच्या दारात पाय पडला आणि न बसता परतायचं? आमच्यात चालत नाही ते. गेलेला कुणाचा का असेना, पदर घ्यायचा, बसायचं, दोन आसवं गाळायची, मगच उठायचं.

म्हणून मी पदर ओढला, फोटोसमोर बसले आणि गळा काढला.

"आरं माझ्या द्येवा! आसा कसा रं गेलास! लेकरांच्या तोंडाकडं तरी बघायचं हुतं!"

माणसांनी खाडकन डोळे उघडले. मला वाटलं, घरच्यांना बरं वाटलं. मग काय, सूर आणखी चढवला. रडण्यात माझा हात धरणारी आमच्या गावात कुणी नाही!

"कवा कुनाला वाकडं बोलला न्हाईस रं! कवा बायकूवर हात उचलला न्हाईस! आन् दारूच्या थेंबाला कवा शिवला न्हाईस रं माझ्या राजा!"

एकजण फिस्सकन हसला. मेला, मयताच्या घरी हसतो! मी डोळे वटारले आणि पुन्हा सुरू.

पण खरं सांगू? मधेच तो म्हातारा दिसेनासा झाला. त्या हारात मला नवनाथच दिसायला लागला. मग जे रडू आलं ते रीतीचं नव्हतं. "नवनाथा, आरं आईच्या आदी जायाचं आस्तं का रं!" एवढंच तोंडून निघत होतं.

पांढऱ्या टोपीतले एक तात्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आले. "आजी, कोन गेलं तुमचं?"

"माझं कशाला? तुमचंच गेलंय न्हवं? ह्यो बाबा!"

"ह्यो? ह्यो घरमालकाचा आजा. त्येला जाऊन तीस वर्सं झाली!"

"मंग तुमी मुंड्या खाली घालून कुनासाठी बसलाय?"

"आजी, आमी दारू सोडल्याली मानसं. जी अजून पित्यात त्येंच्यासाठी दोन मिन्टं गप बसतो. इथं कुनी मेलं न्हाई. मरता मरता माघारी आल्यात समदी."

आता कुठं तोंड लपवू? तेवढ्यात दार धाडकन उघडलं. नवनाथ! माझा हंबरडा ऐकून, त्यात आपलं नाव ऐकून, चपलेसकट आत घुसलेला.

"आई! काय झालं? कुनी मारलं का तुला?"

"न्हाई रं. तूच मेलास आसं वाटलं."

तो मान खाली घालून पायातल्या चपला काढायला लागला. कुणी त्याला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. तात्यांनी जरा सरकून जागा केली, हातात चहा दिला. "बस भावा. उंबरा वलांडलास, आवघड काम झालं."

आणि तो बसला हो!

त्या साली ऊसतोड हुकली, पण मंगळवार एकही हुकला नाही. सून शहाणी, लगेच आली नाही. संक्रांतीला आली, पोरांसकट. यंदा दोघं जोडीनं उसाला गेलीत आणि नवनाथ फडातनंही तात्यांना फोन लावतो. त्या माणसांची आडनावं मला आजही ठाऊक नाहीत. देवापुढं हात जोडते तेव्हा म्हणते, "निळ्या दारातल्या समद्यास्नी सुखी ठेव." देवाला पत्ता माहीत आहे.

माझं नाव मात्र खराब झालं ते झालंच. नवनाथनंच गावभर केलं. परवा वरच्या आळीतली एक म्हातारी गेली. मी पदर घेऊन बसले, तोंड उघडणार, तोच तिच्या सुनेनं डोळे पुसता पुसता माझा हात धरला.

"थांबा आजी," ती म्हणाली, "आदी नीट बघून घ्या. मेलीच हाय न्हवं?"