बोटाखालची यादी

भूकंपानंतरच्या वर्षी ओजिमातल्या आमच्या दान्चीत, म्हणजे जपानी सरकारी वसाहतीत, भूकंपाच्या वेळच्या सूचनांचं वेबपान करायचं काम रहिवासी मंडळाने माझ्या गळ्यात घातलं. पुण्याची सॉफ्टवेअरवाली बाई त्यांना आयतीच सापडली होती. मीही हौसेने पान सजवलं. मुख्य सूचना डावीकडे, पोटसूचना थोड्या आत सरकवलेल्या. अध्यक्षबाईंनी तोंडभरून कौतुक केलं आणि मी आठवडाभर हवेत होते.

मग सराव झाला. सगळे जिन्याने उतरून बागेत जमले, नवव्या मजल्यावरचे आजोबा मात्र आले नाहीत. त्यांना दिसत नसे आणि ते एकटे राहत. मंडळाने ठरवून टाकलं, पुढच्या वेळीही आले नाहीत तर त्यांचं नाव उचलून आणायच्या लोकांच्या यादीत घालायचं. मला त्यांचा रागच आला. इतकं स्पष्ट लिहिलंय, तरी हे वर का बसले? तणतणत मी नऊ मजले चढले.

त्यांनी शांतपणे मला टेबलाशी बसवलं. ते निव्वळ मजकूर दाखवणारा ब्राउझर वापरत. त्यातली एकेक ओळ संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर उमटे आणि ते ती बोटाने वाचत. माझं पान त्यांनी मोठ्याने वाचलं. जिन्यात धूर असेल तर. दार बंद करा. खोलीतच थांबा. बागेत जमा.

“सगळ्या ओळी कडेलाच चिकटल्यात,” ते म्हणाले. “कुठली कुणाच्या पोटातली, मला कसं कळावं?”

माझे कान लाल झाले. मी यादी केलीच नव्हती. नुसत्या ओळी लिहून त्या सजावटीच्या आज्ञांनी आत ढकलल्या होत्या, आणि त्यांचा ब्राउझर त्या आज्ञा जुमानत नव्हता. यादीच्या पोटात खरी यादी लिहिली असती, तर त्याने आपणहून जागा सोडली असती. इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या मला हे कळू नये? घरी जाऊन मी सगळं पान नव्याने लिहिलं आणि पुन्हा वर गेले. आता ‘दार बंद करा’च्या आधी त्यांच्या बोटाला पट्टीवर ठिपके नसलेली रिकामी घरं लागली. ती त्यांनी दोनदा चाचपून पाहिली.

“म्हणजे धूर असेल तरच थांबायचं,” ते म्हणाले. “बाकी मी येतो.”

पुढच्या सरावाला मंडळाने जिन्यातले दिवे मुद्दाम बंद ठेवले. खिडकी नसलेल्या त्या जिन्यात मीसुद्धा भिंत चाचपत उतरले. बागेत हजेरी सुरू झाली तरी आजोबांचा पत्ता नव्हता. अध्यक्षबाईंनी त्यांचं नाव यादीत घालायला पेन उघडलं.

तेवढ्यात ते जिन्याच्या दारातून बाहेर आले. अंधाराला घाबरून आठव्या मजल्यावर अडून बसलेल्या आजीबाईंना हाताला धरून त्यांनी खाली आणलं होतं. माझी मान अभिमानाने ताठ झाली. आजोबा अध्यक्षबाईंना म्हणाले, “माझं नाव लिहायचंच असेल, तर उचलणाऱ्यांत लिहा.”