तिसरी चिठ्ठी

प्रॉबेबिलिटी मी चाळिशी ओलांडल्यावर शिकले, आणि चांगली शिकले. उगाच विनय दाखवायची मला सवय नाही. लेक बारावीला होती. नेपियर टाउनच्या कोचिंगमधले सर तो धडा घाईघाईत गुंडाळून मोकळे झाले आणि ही घरी येऊन पुस्तक आपटून म्हणाली, "मम्मी, मुझसे नहीं होगा." हिंदी मुलखात वाढलेली आमची पोरगी रागावली की हिंदीत रागावते. मराठी तिला समजते सगळी, पण भांडायला पुरत नाही. मी म्हटलं, "होत कसं नाही? आण इकडे." आणि मीच वाचायला बसले.

पुस्तकात पत्ते आणि फासे होते. आमच्या घरात पत्ते चालत नाहीत, म्हणून मी स्टीलच्या डब्यात राजमा आणि काबुली चणे मोजून सारखे घातले. न बघता एक दाणा काढायचा. पोरगी दर वेळी सांगेल तोच दाणा काढून दाखवी. मी थक्क! मग कळलं, बाईसाहेब बोटांनी चाचपून काढत होत्या. "अगं लबाडे! बोटांना कळलं तर ती कसली प्रॉबेबिलिटी?" मग चणे गेले आणि लाल राजम्यात त्याच आकाराचा ठिपक्यांचा राजमा आला.

काढलेला दाणा परत टाकायचा, डबा हलवायचा, पुन्हा काढायचा. लागोपाठ लालच निघायला लागला तेव्हा मी ठासून सांगितलं, "आता ठिपक्यांचा येणारच." पुन्हा लाल! लेक पोट धरून हसली. "डब्याला काय माहीत मम्मी, आधी काय निघालं ते?" मला हे इतकं पटलं की पोळ्या लाटतानाही मी तेच घोळवत होते. दुसरी गोष्ट पुस्तकानं शिकवली. आधी काय काय निघू शकतं ते सगळं मांडायचं, मग त्यातलं आपल्या कामाचं किती ते बघायचं. एवढंच तर आहे! एवढ्याला लोक घाबरतात. राजमा मात्र बरेच दिवस शिजला नाही आणि नवरा कुरकुरत राहिला.

बारावीत लेकीला छान मार्क पडले. पुण्याच्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्सला तिचा नंबर लागला. मी पेढे आणले, तेव्हा सासरे म्हणाले, "चलो, बाप्पाला विचारून घेऊ."

आमच्या घरात मोठा निर्णय चिठ्ठीनं होतो. सासरे सुरेख अक्षरात चिठ्ठ्या लिहितात, सारख्या घड्या घालतात, देवापुढे ताम्हनात ठेवतात आणि डोळे मिटून एक उचलतात. नवऱ्याची बदली घ्यायची की नाही, तेही असंच ठरलं. लग्नानंतर मला बी.एड. करायचं होतं, तेही. माणूस वाईट नाही. माझ्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांचं सामान स्वतः निवडून आणणारा माणूस आहे. फक्त स्वतःच्या मनाची जबाबदारी त्यांना घ्यायची नसते.

"तुमचं काय म्हणणं आहे?" मी नवऱ्याला विचारलं.

"बाबा करून राहिले ना," तो म्हणाला. झालं! संपलं त्याचं म्हणणं.

सासरे मोठ्यानं म्हणत लिहू लागले. 'पाठवावे.' 'पाठवू नये.' 'एक वर्ष थांबावे.' इतकी वर्षं मला हा अगदी सरळ न्याय वाटायचा. त्या दिवशी डोकं आपोआप मोजायला लागलं. काय काय निघू शकतं? तीन. त्यातलं पोरगी पुण्याला जाते असं किती? एक!

"बाबा, यात 'नाही' दोनदा आहे," मी म्हटलं.

"दोनदा कुठे? थांबणं म्हणजे काय नाही म्हणणं होय?"

"यंदाची सीट गेली की गेली. थांबणं म्हणजे नाहीच."

"बाप्पाच्या मनात असेल तर एक चिठ्ठीसुद्धा पुरे."

"मग 'पाठवावे' दोन लिहा आणि 'नको' एक. बाप्पाच्या मनात नसेल तर तीही पुरेल."

नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घराला काडी लावली. पण सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि तिसरी चिठ्ठी फाडून बाजूला ठेवली. "घे. आता बरोबर?"

"आता अर्धं-अर्धं," मी म्हटलं. मला वाटलं, मी जिंकले.

त्यांनी डोळे मिटले. हात ताम्हनाकडे गेला. लेकीनं माझा हात धरला. आणि मला भीतीच वाटली. अर्धं म्हणजे काय? अर्धं म्हणजे अर्ध्या वेळा नाहीच ना! ही पोरगी पुस्तक आपटून पुन्हा उचलायला शिकली, ते ताम्हनाला काय माहीत? मी ताम्हनावर सरळ तळवा ठेवला.

"नाही बाबा. जे आपल्याला ठाऊक नाही त्याला चिठ्ठी टाका. हिचं मला सगळं ठाऊक आहे. ती जाणार. मी पाठवून राहिले."

नवरा खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "मी रिझर्व्हेशन बघतो." शाबास! देर आए.

सासऱ्यांनी डोळे उघडले. आता ओरडतील म्हणून मी तयारच होते. पण ते त्या फाडलेल्या चिठ्ठीकडे बघत होते.

"तुझ्या बी.एड.च्या वेळी काय निघालं होतं?"

बाबा विसरले होते! माझा जीव असा जळला. "'एक वर्ष थांबावे,'" मी म्हटलं.

"मग पुढच्या वर्षी काहून नाही बोललीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते, बाबा. अजून थांबलेलीच आहे."

हे मी मोठ्यानं म्हटलं, त्याची मला लाज नाही वाटली. मग लेक पुढे झाली आणि चक्क मराठीत, दमात घेऊन म्हणाली, "आजोबा, मग आता विचारा ना!"

सासऱ्यांनी ताम्हन उचलून बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलं. "बी.एड. करशील?"

मी हो म्हटलं.