सर्जाच्या गुडघ्यावरचे दोन डाग

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक हात माझ्या कुत्र्याच्या, सर्जाच्या मांडीवर ठेवला, दुसरा नडगीवर, आणि नडगी हळूच पुढं ढकलली. ती सरकली. टेबलाचा खण ओढल्यावर सरकतो तशी. मी चौथी शिकलेला माणूस, पण हाड असं सरकू नये एवढं मला कळतं.

"आजोबा, क्रूशिएट लिगामेंट तुटलंय," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी फोड करून सांगितलं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत एक दोरी बांधून ठेवते. ती तुटली की दर पावलाला नडगी पुढं पळते.

"तुटली तर गाठ मारा," मी म्हणालो.

"हिला गाठ बसत नाही. ऑपरेशन करावं लागेल."

मग त्यांनी एक्स-रेसाठी गुडघ्यावरचे केस बाजूला केले आणि त्यांचा हात थांबला. खाली दोन काळ्या रेघा होत्या, बोटभर लांब, कडेनं पाणी सुटलेलं.

"हे भाजलंय. कोणी केलं?"

माझी सून रूपाली शेजारी उभी होती. ती सर्जाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी म्हणालो, "स्वयंपाकघरात कायतरी लागलं असंल."

बाईंनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ऑपरेशनची चीर जिथं द्यायची, तिथंच ही जखम चिघळलीय. आधी ही भरू दे. तीन आठवडे तरी हात लावता येणार नाही."

हे लिहायला रूपालीनं सांगितलं. ती म्हणाली, मामा, तुमच्यासारखे अजून असतील. तर त्यांच्यासाठी लिहितोय.

आम्ही धायरीचे. शेत होतं तिथं आता बिल्डिंगा आहेत. शेवटचा बैल गेला त्याचं नाव सर्जा, आणि त्याच्यानंतर मुलानं लॅब्राडोर आणला त्याचं नावही मी सर्जाच ठेवलं. बेचाळीस किलोचा गडी. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, रूपाली हिंजवडीला कामाला जाते, दिवसभर मी आणि तो.

दारच्या ओट्याला आणि घरभर मी हट्टानं गुळगुळीत फरशी बसवून घेतली होती. त्यावर तो मांजरामागं पळाला, घसरला, केकाटला. उजवा मागचा पाय उचलून धरला. दोन दिवसांनी टेकवायला लागला, तेव्हा मी म्हटलं, झालं बरं. आठवड्यानं परत लंगडला. परत बरा, परत लंगडा. बसताना तो पाय बाजूला फेकून बसायचा.

तुमच्या मोठ्या कुत्र्याचं असं होत असेल तर ते बरं होणं खरं मानू नका. मी मानलं.

रूपाली चार वेळा म्हणाली की डॉक्टरकडं नेऊ. मी तिला सांगितलं, चाळीस वर्षं बैल सांभाळलेत, मला पाय शिकवू नको. आणि किसनकडं गेलो.

किसन हा माझा पन्नास वर्षांचा मित्र. पंचक्रोशीतली हाडं त्यानं बसवली. माणसांचे हात, बैलांचे खांदे. बैल लंगडला की किसन सांध्यावर तापल्या विळ्याचा डाग द्यायचा आणि बैल चालायचा. माझ्या पहिल्या सर्जाला त्यानंच डाग दिला होता.

त्यानं कुत्र्याचा गुडघा चाचपला. म्हणाला, "शीर आखडलीया. देऊ का दोन?"

"दे," मी म्हणालो.

खांद्यावरच्या उपरण्यानं मी सर्जाचं तोंड बांधलं. डोकं छातीशी दाबून धरलं. त्याला वाटलं लाड चाललेत, म्हणून तो शेपूट हलवत होता. विळा टेकेपर्यंत हलवत होता.

"तीन आठवड्यात पळंल," किसन म्हणाला. तीन आठवड्यात आम्ही डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर होतो.

त्यानंतर पुढचे तीन आठवडे जखम भरायची वाट बघण्यात गेले. एक दिवसाआड ड्रेसिंग. रिक्षावाले एवढं कुत्रं बघून पुढं निघून जायचे. दवाखान्यात एका बाजूला मांजरवाले, एका बाजूला कुत्रेवाले, मधे मोकळी बाकं. बाई दर वेळी सांगायच्या, दुसऱ्या मागच्या पायावर भार पडतोय, चालवू नका, त्याचीही दोरी तुटते. मी मान हलवायचो. सर्जा माझ्याकडं पाठ करून बसायचा. भाकरी मी टाकली की ताटलीकडं बघायचा, मग दाराकडं. रूपाली संध्याकाळी आली की तिच्या हातची खायचा.

त्या बाकांवरच एके दिवशी मला किसन दिसला. मांडीवर पांढरं पॉमेरियन, काखेत फाइल. नवी नव्हती. कोपरे मऊ पडलेली फाइल.

आतून आवाज आला, "चिंगी, गुडघ्याची फेरतपासणी."

मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो. "कवापासून येतोस हितं?"

"मागल्या सालापासून. नातीचं हाय हे. वाटी सरकली होती गुडघ्याची."

"अन् काय केलं?"

"ऑपरेशन. दुसरं काय करणार?"

"डाग दिला नाहीस?"

किसन चिंगीच्या कानामागं खाजवत राहिला.

"तुझ्या कुत्रीला डॉक्टर, आणि माझ्या सर्जाला विळा?"

तेव्हा तो म्हणाला, "विष्णू, तू विचारायला आला नव्हतास. करून घ्यायला आला होतास. कोळशाची पिशवी पण तूच घेऊन आलास."

"तू नाही म्हणायचं."

"नाही असं तुला तुझ्या भावानं म्हटलं होतं एकदा. सतरा वर्षं झाली. बोलतोस का त्याच्याशी?"

आतून परत चिंगीच्या नावानं हाक आली आणि तो उठून गेला.

लोक म्हणतील म्हाताऱ्याचा हट्ट होता, मित्राचा काय दोष. हट्ट होताच, मी नाकारत नाही. पण पन्नास वर्षांच्या मित्राला नाही म्हणायला किती वेळ लागतो? विळा तापायला लागतो त्यापेक्षा कमी. ज्या हातांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्या हातांवर स्वतः त्यांच्या धन्याचाच विश्वास उरला नव्हता, आणि त्यानं ते मला सांगितलं नाही. माझी मर्जी राखायला माझा कुत्रा भाजला. हे मला पचत नाही. अजून पचलेलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी न्यायचं होतं. ऑपरेशनचं नाव टीपीएलओ. बाईंनी कागदावर काढून दाखवलं. नडगीचं डोकं उतरतं असतं म्हणून वरचं हाड घसरतं. नडगी वरच्या बाजूला गोल कापायची, फिरवून तो उतार मोडायचा, आणि पट्टी आणि स्क्रूनं पक्की करायची. मग दोरीची गरजच उरत नाही. हे मला लगेच कळलं. उतारावर उभी गाडी घसरते, सपाटीवर उभी राहते.

रूपालीनं रजा काढली होती. बाहेर बाकावर आम्ही दोघंच होतो. तिनं चहा आणून दिला आणि कपाकडं बघत म्हणाली, "मामा, त्या दिवशी तुमच्या उपरण्याला केस जळल्याचा वास होता. मीच धुतलं ते."

"मग बोलली का नाहीस?"

"चार वेळा डॉक्टर म्हटलं होतं. पाचव्यांदा काय म्हणणार?"

मी चहा पिऊन टाकला.

दुपारी बाई बाहेर आल्या. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण गुडघ्यातली मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, फाटलेली निघाली. फाटलेला भाग काढावा लागला. "उशीर झाला की होतं असं," त्या म्हणाल्या. बोल कोणाला लावला नाही, पण मला तो ऐकू आला.

घरी आणलं तेव्हा गळ्यात नरसाळ्यासारखं प्लॅस्टिक, टाके चाटू नयेत म्हणून. बारा आठवडे पळणं नाही, जिना नाही, उडी नाही. सगळ्या घरात मी गोणपाट अंथरलं. माझी गुळगुळीत फरशी आता कुठं दिसत नाही.

बाहेर नेताना पोटाखालून कापड घालून मागचा भार आपण उचलायचा असतो. पहिल्या सकाळी मी सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि वाकलो. सर्जा गुरगुरला. सहा वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. मग लटपटत, ताजे टाके घेऊन, भिंतीकडं सरकायला लागला, आणि तिथंच त्याची लघवी झाली.

मी उपरणं अंगणात भिरकावलं. रूपालीनं तिची जुनी ओढणी दिली. तिच्या आधारानं तो उभा राहिला.

पायाचा व्यायाम दिवसातून तीनदा असतो. गुडघा हळू वाकवायचा, हळू सरळ करायचा. पहिले पंधरा दिवस ते रूपालीनंच केलं, कामाला जायच्या आधी आणि आल्यावर, दुपारचं राहून जायचं. मी लांब बसून बघायचो. माझ्या घरात, माझ्या कुत्र्याच्या पायाला हात लावायची मला बंदी, आणि बंदी त्यानंच घातलेली. सोळाव्या दुपारी मी त्याच्यापासून हातभर लांब जमिनीवर बसलो. बोललो नाही, हात पुढं केला नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. सहाव्या दिवशी त्यानं झोपल्या जागेवरून तो पाय माझ्या बाजूला लांब केला. मुद्दाम केला की झोपेत, मला ठाऊक नाही. मी मोजून दहा वेळा वाकवला आणि सोडला.

आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड जुळून आलेलं दिसलं. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. तेव्हा मी म्हणालो, "बाई, तो डाग स्वयंपाकघरातला नव्हता. मी धरला होता त्याला."

"माहीत होतं, आजोबा. अपघातात कोणी दोन सारख्या रेघा ओढत नाही." मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी सांगा. आम्हाला उपचार ठरवायला बरं पडतं."

एवढंच मागणं. तुम्हीही सांगत जा. घरचा उपाय केला असेल, डाग असेल, तेल असेल, पाला असेल, लाज वाटली तरी सांगा. आपली लाज आपण सोसायची, जनावरानं का सोसावी.

आता सर्जा चालतो. थंडीत सकाळी जरा आखडतो, पण चारही पाय टेकवतो. मी त्याला रोज किसनच्या दारावरून नेतो, मुद्दामच. किसन ओट्यावर बसलेला असतो. विचारतो, "कसा हाय रं?" मी म्हणतो, "बघतोयस की." एवढंच बोलणं. याहून जास्त मला अजून जमत नाही. पण भावाला मात्र मी मागच्या महिन्यात फोन लावला. आवाज ओळखून तो म्हणाला, कोण मेलं का.

बाईंचे उपकार आहेत, रूपालीचे त्याहून जास्त.

गुडघ्यावर केस परत आले, त्या दोन रेघांवर आले नाहीत. मी जवळ गेलो की सर्जा आधी माझ्या तोंडाकडं बघत नाही, हातांकडं बघतो. एक हात दिसला की दुसरा शोधतो. म्हणून आता मी दोन्ही हात पुढं करून, तळवे उघडे ठेवून त्याच्याजवळ जातो. तो दोन्ही हुंगतो. मग शेपूट हलते.