कारंज्याजवळचा बाक

खिडकीतून मेंढरांचा वास आला आणि लहानपणची ती संध्याकाळ आठवली. आमची मेंढरं सांगलीबाहेरच्या याच कॉलनीलगत बसली होती. फौजी, मास्तर, कानडी व्यापारी, सगळे बागेतल्या कारंज्याभोवती जमायचे. आई मला घेऊन बाकावर टेकली, तोच कॉलनीचे अध्यक्ष ओरडले, "ऊठ! बाक पुसून जा."

"आवं, पोरीला कारंजं दावत हुते," म्हणत आईनं पदर भिजवून बाक पुसला. तेव्हा मला आईचीच लाज वाटली होती. आता संताप होतो.

आता मी याच कॉलनीत राहते. अध्यक्षांच्या घराशेजारचा रिकामा प्लॉटही मी घेतलाय. मामाची मेंढरं मुद्दाम तिथं बसवलीत. काल तेच अध्यक्ष, आता म्हातारे झालेले, हात जोडून म्हणाले, "मॅडम, मेंढरं हलवा हो."

मी आईला फोन करून विचारलं.

"आजून आठ दिस बसू देत," ती म्हणाली.