आबांची उलटी दाढ

आमच्या शिरपूरचे नाना तापीकाठी दगड झालेली जुनी हाडं शोधतात. पूर ओसरला की हाडांवरची माती झाडायला खिशात जुना टूथब्रश घालून निघतात. असोद्याचे आबाही हेच करतात, म्हणून दोघांचं वैर. “बठ्ठं त्यालेच सापडस,” सगळं त्यालाच मिळतं, असं नाना दर भेटीत कुरकुरतात.

जळगावच्या अशा हाडांच्या प्रदर्शनाची मांडणी माझ्याकडे होती. आबांना यंदा हत्तीची दाढ सापडली होती, पण त्यांनी ती उलटी ठेवली होती. मुळं वर, चावायची बाजू खाली. ती तपासणारे विद्यापीठातले पाहुणे दारातच होते. नाना आता सगळ्यांना बोलावून दाखवणार, असं मला वाटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दाढ गुपचूप सुलटी केली.

“त्याले हसाले मी शे,” ते मला म्हणाले, “पाहुणा कसाले?”

तेवढ्यात आबा धावत आले. “माह्या वस्तूले हात नको लावू!”

“धूळ बसेल व्हती, आबा.”

पाहुण्यांनी दाढ निरखली आणि आबांशी हात मिळवला. आबांनी नानांना कोपर मारलं. “पाह्यलं? शिक काही!”

“हाव, शिकनू,” नाना म्हणाले, आणि स्वतःच्या टेबलावरचा दिवा त्यांनी आबांच्या दाढेकडे वळवला.