चतुराबाईचा गॉथिक ढाबा

कनेरगाव नाक्यावर चतुराबाईच्या ढाब्यात जेवायला बसलं की मेलेलं माणूस समोर येतं आणि जेवणारा ढसाढसा रडतो, अशी कुजबुज मागच्या वर्षी पार वाशिमपर्यंत गेली होती.

चतुराबाई बोलायला तिखट, आणि तिचा ठेचा तिच्याहून तिखट. नवरा व्यंकटराव शेतात रमलेला. ढाबा तिचा एकटीचा. पण समोर रंगीत लायटींचा नवा ढाबा झाला आणि ट्रक तिकडं वळायला लागले. चतुराबाईची चूल विझायची वेळ आली.

तेव्हा इमारतींचं शिक्षण अर्धं टाकून पुण्याहून परतलेला तिचा स्वप्निल म्हणाला, "माय, आपण ढाबा गॉथिक करू."

"ते काय असतंय?"

स्वप्निलनं सांगितलं. गॉथ ही युरोपातली जुनी लढाऊ टोळी. पुढं टोकदार कमानींच्या चर्चला लोक हिणवून गॉथिक म्हणाले. मग काटेरी अक्षरं गॉथिक, भुताटकीच्या कादंबऱ्या गॉथिक, आणि आता काळे कपडे घालून, ओठ काळे रंगवून फिरणारी पोरंपोरीही गॉथिकच.

"एका शब्दाच्या सातबाऱ्यावर एवढी नावं?" भाकर थापता थापता चतुराबाई म्हणाली. "यातलं ताटात काय वाढू, ते सांग."

पोरगं ऐकतंय कशाला. भिंती काळ्या केल्या. पत्र्याखालच्या मोकळ्या बाजू बुजवून लाल-निळ्या काचांच्या टोकदार खिडक्या बसवल्या. पाटीवरची अक्षरं बाभळीच्या फांद्यांसारखी, व्यंकटराव बघून म्हणाले, "कुंपण बराबर झालं."

पहिलं गिऱ्हाईक वैजनाथ, सोयाबीनचा ट्रक घेऊन निघालेला. चतुराबाईनं ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या. काळ्या भिंती, लाल उजेड, आणि गड्याच्या डोळ्यांना धारा.

"काहून रडून राहिला रं?"

"आमची आजी दिसली, मावशी. अशीच वाढायची."

ही आजी त्यानं वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर उतरवली. मग काय, ढाब्यापुढं ट्रकांची रांग. कुणाला चुलता दिसे, कुणाला बैल. एकाला बायको दिसली. ती चांगली जिवंत होती, माहेरी गेलेली. तरी सगळ्यांत जास्त तोच रडला. समोरच्या ढाब्याच्या लायटी नुसत्याच लुकलुकत राहिल्या.

स्वप्निलला मात्र सगळं कळलं होतं. तो हळूच म्हणाला, "माय, लोकायला तकलीफ होऊन राहिली. मी एक पंखा बसवतो."

"बसव. मग तुला बसवते समोरच्या ढाब्यात, भांडे घासायला."

आजी न्हाई, चुलता न्हाई. चर्चच्या फोटोवरून केलेल्या त्या खिडक्या उघडतच नव्हत्या, आणि मिरच्यांचा धूर आतच कोंडत होता.