शिक्का मारलेली गुप्त यादी

सोमवार, दोन मार्च. वादातली रक्कम चौऱ्याऐंशी हजार. हजर तिघे: चौकशी अधिकारी, माझा धाकटा भाऊ आणि साक्षीदार म्हणून मी.

भाऊ सरकारी कचेरीत कारकून. रस्त्यात जाणाऱ्या जमिनींची गोपनीय यादी त्याने जाहीर होण्याआधीच तलासरीजवळच्या एका पाड्यावर नेऊन दिली. तिथल्या एका विधवेची बारा चिकूची झाडं यादीत नव्हती, जमीन पडीक दाखवली होती. तिने मुदतीत हरकत घेतली.

भाऊ लगेच सापडला, कारण प्रत्येक पानावर ‘खरी प्रत’चा शिक्का आणि त्याची सही होती.

“चोरून देतोस आणि वर सही करतोस?” मी बाहेर त्याला म्हणालो.

“शिक्क्याशिवाय पाड्यावर कागद कोण मानतं, दादा?”

कचेरीत तो फितूर, पाड्यावर देवमाणूस. मी जबाबात दोन्ही लिहिलं: यादी त्यानेच दिली, नियम मोडला, आणि झाडं मी स्वतः मोजली, बाराच आहेत. त्यापुढे ठरवायचं त्राण माझ्यात नाही.

झाडांचे चौऱ्याऐंशी हजार त्या बाईंच्या खात्यात जमा झाले. भाऊ निलंबित आहे, त्याला दरमहा अर्धा पगार मिळतो.